पाय उचलला तरी विझत नाही तो दिवा

ब्रेकवरचा पाय काढल्यावरही मोटारीचे मागचे लाल दिवे जळत राहिले, तर बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर ‘स्विच गेला असेल’ म्हणून नवा स्विच मागवतात, नाहीतर फ्यूज काढून ठेवतात आणि गाडी तशीच चालवतात. पहिल्या उपायात पैसे वाया जाण्याची शक्यता बरीच, आणि दुसऱ्यात मागून येणाऱ्याच्या व आपल्याही जिवाशी खेळ. माझं म्हणणं असं की हा बिघाड शोधायला महागडं यंत्र लागत नाही. काहीही खोलण्याआधी, काहीही बदलण्याआधी हा दिवा नेमका कशामुळे पेटता राहिलाय याचा क्रमाने शोध घ्यावा लागतो, आणि बहुतेक गाड्यांत तो शोध अर्ध्या तासात, घरच्या अंगणात पूर्ण होतो. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावात गाडी बाळगणाऱ्याला ही सवय शहरी माणसापेक्षा अधिक कामाची आहे. इथून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायचं तर भंडारा किंवा नागपूरची वाट धरावी लागते, आणि अंदाजाने मागवलेला सुटा भाग चुकीचा निघाला की पुन्हा तीच फेरी.

आधी एक गल्लत दूर करून घेऊ. ‘ब्रेकची लाइट चालू राहते’ अशी तक्रार दोन वेगळ्या गोष्टींसाठी केली जाते. समोरच्या मीटरमध्ये लाल रंगाचं ब्रेकचं चिन्ह पेटून राहत असेल, तर ती वेगळी बाब आहे. हँडब्रेक पूर्ण सुटलेला नसेल किंवा ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली असेल, तर ते चिन्ह पेटतं. हँडब्रेक खाली करूनही ते विझलं नाही, तर बोनेट उघडून ऑइलच्या टाकीवरची खूण बघावी. पातळी कमी असेल तर गळती कुठे आहे, पॅड किती झिजलेत, हे कळल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. या लेखाचा विषय मागच्या दिव्यांचा आहे. ते आपल्याला दिसत नाहीत, म्हणूनच कित्येकदा आठवडेच्या आठवडे जळत राहतात आणि कुणीतरी मागून येऊन सांगितल्यावर किंवा सकाळी बॅटरी उतरलेली सापडल्यावर कळतं.

दिवा सतत लागून राहिला तर बिघडलं कुठे, उलट मागच्याला गाडी जास्त ठळक दिसेल, असं म्हणणारे आहेत. ऐकायला हे पटण्यासारखं वाटतं, पण ब्रेकच्या दिव्याचं काम गाडी दाखवणं हे नाही. ते टेल लाइटचं काम. ब्रेकचा दिवा सांगतो तो बदल: आत्तापर्यंत विझलेला होतो, आता पेटलो, म्हणजे वेग कमी होतोय. याचा एक चांगला पुरावा अमेरिकेतल्या अनुभवात सापडतो. १९७४ साली जॉन व्होएव्होडस्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या टॅक्सींना मागे मधोमध एक जास्तीचा ब्रेक दिवा लावून पाहिला, आणि त्या टॅक्सींना मागून धडक बसण्याचं प्रमाण सुमारे साठ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. पुढे १९८६ च्या मॉडेलपासून तिथे सगळ्या मोटारींना हा तिसरा दिवा सक्तीचा झाला. मात्र १९९८ मध्ये तिथल्या सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेने पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा दीर्घकाळात उरलेला फायदा जेमतेम चार टक्क्यांचा निघाला. डोळे त्या दिव्याला सरावले, हे त्यामागचं एक मुख्य कारण. रोज योग्य वेळी पेटणाऱ्या आणि विझणाऱ्या दिव्यालाही डोळा सरावतो, तर जो कधी विझतच नाही त्याच्याकडे मागचा चालक किती वेळ लक्ष देईल? पाच मिनिटांत तो दिवा त्याच्या दृष्टीने टेल लाइट होऊन जातो. मग तुम्ही खरोखर ब्रेक दाबलात, तर मागे काहीच बदलत नाही.

करडीच्या दक्षिणेला कोका अभयारण्याचा जंगलपट्टा आहे. अशा रस्त्यांवर रात्री रानडुक्कर किंवा चितळ अचानक आडवं येतं आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. धानाच्या हंगामात पोत्यांनी भरलेले, मागे धड दिवाही नसलेले ट्रॅक्टर पुढे येतात, तेव्हाही तेच. त्या क्षणी मागच्या गाडीला मिळणारी एकमेव सूचना म्हणजे तुमचा लाल दिवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये या दिव्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे ती याच कारणाने, आणि ज्या दिव्यावरून काहीच कळत नाही तो नियमाचा हेतू पूर्ण करत नाही.

दुसरं नुकसान बॅटरीचं. बहुतेक मोटारींत ब्रेकच्या दिव्याला वीज थेट बॅटरीकडून मिळते. चावी बंद असली तरी ब्रेक दाबल्यावर दिवा लागतो तो त्यामुळेच. साध्या बल्बच्या गाडीत बाजूचे दोन दिवे प्रत्येकी २१ वॅटचे असतात. दोन्ही मिळून ४२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. छोट्या मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची धरली, तर कागदावर दहा तासांत ती रिकामी होते. जुनी बॅटरी त्याच्या कितीतरी आधी सेल्फ मारायला नकार देते. संध्याकाळी सातला उभी केलेली गाडी सकाळी चालू होत नाही, बॅटरी बदलून आणली जाते आणि चार दिवसांनी नवी बॅटरीही उतरते. अशा वेळी बॅटरीवर शंका घेण्याआधी अंधारात गाडीच्या मागे एक चक्कर मारून पाहावी.

शोधाची सुरुवात पेडलखाली डोकं घालून करू नये, ती मागे उभं राहून करावी. दिवसा उन्हात नीट दिसत नाही, म्हणून संध्याकाळी पाहावं किंवा गाडी पांढऱ्या भिंतीला पाठ करून लावावी. चावी काढलेली, सगळे दिवे बंद, पेडलवर कुणी नाही, अशा स्थितीत तिन्ही दिवे पूर्ण तेजाने जळतायत का? असं असेल तर वीज सर्वांना एकाच जागेवरून, म्हणजे पेडलजवळच्या स्विचकडून किंवा त्यापुढच्या सामाईक वायरीतून मिळते आहे. चावी बंद असताना काहीच नाही, पण पार्किंग किंवा हेडलाइट लावताच ब्रेकचे दिवेही लागतात, असं असेल तर दोष पेडलकडे नाही, मागच्या दिव्यांच्या डब्यात आहे. एकच बाजू आणि तीही मिणमिणती जळत असेल, तर त्या बाजूच्या अर्थिंगवर संशय घ्यावा. ही तीन निरीक्षणं फुकटची आहेत, आणि त्यांनी निम्मी गाडी संशयातून मोकळी होते. नेमकी हीच पायरी लोक गाळतात आणि थेट पाना हातात घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता पहिली शक्यता, जी सर्वांत जास्त आढळते. ब्रेक पेडलच्या दांड्याच्या वरच्या भागात, स्टिअरिंगच्या खाली, एक छोटा स्विच बसवलेला असतो. त्याला पुढे एक दांडी असते, आतबाहेर होणारी. सामान्य समजूत अशी, की ब्रेक दाबला की स्विच दाबला जातो. बऱ्याचशा मोटारींत घडतं ते उलट. पेडल वर, आपल्या जागी असताना त्याचा दांडा या स्विचच्या दांडीला आत दाबून ठेवतो आणि त्यामुळे दिवा विझलेला राहतो. पाय टेकताच पेडल दूर जातं, स्विचची दांडी मोकळी होऊन बाहेर येते आणि दिवा पेटतो. म्हणजे दांडी दाबलेली राहिली नाही की दिवा पेटलेलाच राहणार, मग स्विच कितीही उत्तम असो. पेडलचा दांडा जिथे स्विचला टेकतो, तिथे एका भोकात प्लास्टिकची किंवा रबराची लहानशी टिकली खोचलेली असते. मेकॅनिक तिला स्टॉपर किंवा बुश म्हणतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती कडक होते, तडकते आणि एक दिवस तुकडे होऊन पडते. विदर्भातल्या उन्हाळ्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आत जी भट्टी होते, ती या टिकलीला मानवत नाही. टिकली गेली की स्विचची दांडी सरळ त्या भोकात शिरते, पेडल तिला दाबू शकत नाही आणि दिवा विझायचं नाव घेत नाही. चालकाच्या पायाखालच्या मॅटवर पांढऱ्या, निळ्या किंवा काळ्या प्लास्टिकचे चुरलेले कण सापडले, तर शोध तिथेच संपला असं समजायला हरकत नाही. या टिकलीची किंमत किरकोळ असते, आणि तिच्याऐवजी स्विच बदलला तर नवा स्विचही त्याच भोकात शिरून बसतो.

टिकली शाबूत दिसत असेल तर पुढची परीक्षा हातानेच करायची. चाकांना दगड लावा, इंजिन बंद ठेवा, मागे कुणाला तरी दिव्यांकडे बघायला उभं करा. आधी पेडल हाताने किंवा पायाच्या चवड्याने वर, आपल्याकडे ओढा. तेवढ्याने दिवा विझला तर पेडल स्वतःहून पूर्ण वर येत नाही, किंवा स्विच आपल्या जागेवरून मागे सरकलाय. पेडल न येण्याची कारणं साधी असतात: खाली अडकलेली जाड मॅट, ढिली पडलेली स्प्रिंग, चिखल आणि गंज धरलेली पेडलची खीळ. पेडल ओढूनही दिवा जळत राहिला, तर स्विचची दांडी बोटाने पूर्ण आत दाबा. आता विझला, तर स्विच चांगला आहे, फक्त त्याला दाबणारं कुणी नाही. दाबूनही विझला नाही, तर स्विचचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, कुलूप दाबून काढा. कपलर निघताच दिवे विझले तर स्विच आतून चिकटलाय, आता तो खुशाल बदला. आणि कपलर हातात असतानाही दिवे जळतच राहिले, तर स्विच निर्दोष आहे. वीज दुसऱ्याच वाटेने येते आहे. इतक्या थोड्या कृतींत इतका स्पष्ट निकाल मोटारीच्या फार थोड्या बिघाडांत मिळतो. एक खबरदारी मात्र आवर्जून घ्यावी: स्टिअरिंगच्या आसपास पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नये, टेस्ट लॅम्प तर अजिबात टोचू नये.

स्विच पुढेमागे करून दिवा विझवता येतो, हे कळल्यावर एक मोह होतो, आणि तो धोक्याचा आहे. बऱ्याच गाड्यांत स्विच आट्यांवर बसतो आणि लॉक नटने कसलेला असतो. नट ढिला करून स्विच पेडलकडे सरकवला की दिवा विझतो, हे खरं. पण गरजेपेक्षा जास्त सरकवला तर स्विचच पेडलला किंचित खाली दाबून ठेवतो. मग मास्टर सिलिंडरमधलं ऑइल टाकीत परतण्याचा बारीक मार्ग पूर्ण उघडत नाही, चाकांवरचा दाब सुटत नाही, ब्रेक थोडे लागलेलेच राहतात. चालताना ते तापतात, ऑइल फुगतं, दाब आणखी वाढतो आणि काही किलोमीटरनंतर चाकं जाम होऊ शकतात. बाहेरून पाहणाऱ्याला दिवा विझलेला दिसतो म्हणून काम झालं असं वाटतं. म्हणून पेडल पूर्ण वर असताना स्विचचा आट्यांचा भाग पेडलला टेकता कामा नये. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेली बारीक फट राहिलीच पाहिजे, दाबली जावी ती फक्त दांडी. नव्या गाड्यांतले काही स्विच अर्धवट फिरवून बसतात आणि बसतानाच स्वतःचं अंतर ठरवतात. ते कसे बसवायचे, पेडल दाबून की सोडून, हे त्या त्या गाडीनुसार बदलतं. काम झाल्यावर गाडी थोडी फिरवून आणावी आणि चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा, न टेकवता. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं जाणवलं, तर समायोजन चुकलंय किंवा तो ब्रेक आधीपासूनच अडकत होता.

दोष मागच्या बाजूला असेल, तर पहिला हात बल्बला घालावा. ब्रेक आणि टेल या दोन्हींसाठी एकच बल्ब असेल, तर त्यात २१ वॅटची आणि ५ वॅटची अशा दोन तारा असतात. त्यांपैकी एक तुटून दुसरीवर पडली की दोन्ही मार्ग आतल्या आत जोडले जातात. मग टेल लाइट लावली की ब्रेकचाही दिवा लागतो, आणि कित्येकदा ब्रेक दाबल्यावर नंबरप्लेटचा दिवा किंवा मीटरचा उजेडही चमकतो. ही दुसरी खूण दिसली तर बल्बवर किंवा त्याच्या होल्डरवर संशय जवळपास पक्का करावा. या बल्बच्या बाजूच्या दोन खिळ्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, तो उलटा बसू नये म्हणूनच. जोर लावून उलटा बसवलेला किंवा एका तारेचा बल्ब कोंबून बसवलेला असेल, तरी हाच गोंधळ होतो. भंडारा जिल्ह्यातल्या पावसाळ्यात दिव्याच्या काचेत पाणी शिरतं, होल्डरवर हिरवट थर चढतो, आणि अर्थिंगची पट्टी गंजली की वीज परतीची वाट शोधत शेजारच्या तारेतून जाते. मिणमिणता दिवा त्याचाच. थर घासून काढावा, अर्थिंगचा स्क्रू उघडून धातू उजळावा, काचेचं रबर बदलावं. डिकीच्या बिजागरीजवळ वायरींचा जुडगा रोज उघडझाकीत वाकतो आणि तिथे आवरण फाटतं. शिवाय घराजवळ धान साठवलेलं असेल तर उंदीर आलेच, आणि त्यांना वायरीचं आवरण वर्ज्य नाही. बाहेरून एलईडीच्या पट्ट्या, चमकणारे ब्रेक दिवे किंवा ट्रेलरसाठी जोड काढून घेतला असेल, तर तपास तिथूनच सुरू करावा, कारण कंपनीच्या वायरीला मध्येच कापून केलेले असे जोड सर्वांत आधी दगा देतात. साध्या बल्बच्या जागी एलईडी बसवल्यावर दिसणारी अगदी फिकट झाक मात्र बऱ्याचदा निरुपद्रवी असते; जी गळकी वीज बल्बला पेटवू शकत नाही, तेवढ्यावरही एलईडी उजळतो.

इतकं सगळं करण्यापेक्षा स्विच स्वस्त आहे, तोच आधी बदलून पाहिला तर काय हरकत आहे, हा आक्षेप मी वरवरचा मानत नाही. स्विच खरंच बिघडतात. एप्रिल २०१३ मध्ये ह्युंदाई आणि किया या कंपन्यांनी अमेरिकेत सोळा लाखांहून अधिक गाड्या ब्रेक दिव्याच्या स्विचसाठीच परत बोलावल्या होत्या. पण पुढच्याच वर्षी, मे २०१४ मध्ये, जनरल मोटर्सने शेव्हरले मॅलिबूसारख्या सुमारे चोवीस लाख गाड्या परत बोलावल्या, आणि तिथे दोष गाडीच्या विद्युत नियंत्रण पेटीच्या जोडातल्या गंजाचा निघाला. ब्रेक दाबूनही दिवे न लागणं आणि न दाबता लागणं, दोन्ही त्या एकाच गंजामुळे घडत होतं. त्या गाड्यांपैकी एकीला नवे स्विच कितीही बसवले असते, तरी उपयोग झाला नसता. लक्षण एकच, कारणं दोन, तीही भिन्न जागची. म्हणून स्विच बदलायला माझा विरोध नाही. कपलर काढून पाहण्याआधी तो बदलायला आहे. कपलर काढायला पैसा लागत नाही.

अलीकडच्या गाड्यांत अशी नियंत्रण पेटी असल्याने तपासाला एक नवं अंग आलंय. या गाड्यांत स्विचमध्ये दोन संपर्क असतात, एक उघडा तर दुसरा बंद, आणि संगणक दोघांची साक्ष जुळवून पाहतो. जुळली नाही की तो पी०५७१ किंवा पी०५०४ असा दोष-कोड नोंदवतो आणि मीटरवर इंजिनाचा किंवा स्थिरता प्रणालीचा दिवा पेटवतो. कोड आला म्हणजे स्विचच खराब असं होत नाही. टिकली तुटल्यावरही तोच कोड येतो. दोन ठोस खुणा मात्र घरीच पाहता येतात. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ब्रेक न दाबता पार्किंगमधून सुटू लागला, किंवा बटणाने सुरू होणारी गाडी ब्रेकवर पाय नसतानाही सुरू झाली, तर संगणकाला ब्रेक दाबलेला आहे असंच वाटतंय. क्रूझ कंट्रोल लागत नसेल तर तेही याच मालिकेतलं. लहान मूल गाडीत खेळताना गिअर हलवू शकेल, अशी ही स्थिती असल्याने अशा गाडीची दुरुस्ती लांबणीवर टाकू नये. कपलर काढूनही दिवा जळतोय आणि मागे काही सापडत नाही, तर पुढचं काम स्कॅनर असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं.

‘हे सगळं मेकॅनिकचं काम आहे, आपण कशाला त्यात पडायचं?’ या प्रश्नाचं उत्तरही याच खुणांत आहे. हा बिघाड लपाछपी खेळतो. सकाळी गारव्यात पेडल चांगलं वर येतं, दुपारी येत नाही. पावसात दिवा लागून राहतो, गॅरेजमध्ये पोचेपर्यंत होल्डर सुकलेला असतो. मेकॅनिकला दिसतो तो त्याच्यासमोरचा एक तास. ‘टेल लाइट लावल्यावरच लागतो’, ‘पेडल वर ओढल्यावर विझतो’, ‘कपलर काढला तरी जळतो’ यांपैकी एक वाक्य त्याला सांगितलंत, तर त्याचा वेळ वाचतो आणि तुमच्याकडून अंदाजाचे पैसे घेतले जात नाहीत. चांगला कारागीर अशा माहितीने दुखावत नाही, तो पुढचा प्रश्न विचारतो.

मोटारसायकल आणि स्कूटरला हेच तत्त्व लागू आहे, फक्त तिथे पुढच्या आणि मागच्या ब्रेकला असे दोन स्विच असतात. दोन्हींचे कपलर आळीपाळीने काढून पाहिलं की दोषी कोण ते कळतं. पायाच्या ब्रेकचा स्विच बारीक स्प्रिंगने ओढला जातो. त्याचा नट जास्त कसला गेला, किंवा चालवताना पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय असली, तर दिवा जळत राहतो. जुन्या अँबेसेडरमध्ये हा स्विच पेडलवर नसून ब्रेक ऑइलच्या दाबावर चालायचा, आणि एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये तो हवेच्या दाबावर चालतो. तिथे दिवा विझत नसेल तर दाब खरोखर उरलाय का हे आधी बघावं, कारण तसं असेल तर दिवा खरं बोलतोय आणि ब्रेक लागलेलेच आहेत.

सुटा भाग येईपर्यंत काय करायचं? गाडी उभी राहणार असेल तर ब्रेक दिव्याचा फ्यूज काढावा किंवा बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवावं, म्हणजे बॅटरी वाचेल. अनेक गाड्यांत हॉर्न आणि ब्रेकचा दिवा एकाच फ्यूजवर असतात, हे ध्यानात ठेवावं. पण फ्यूज काढलेला असताना गाडी रस्त्यावर आणू नये. ब्रेक दाबूनही न लागणारा दिवा हा न विझणाऱ्या दिव्याहून वाईट. टिकलीच्या जागी भोकात मापाचा गुळगुळीत डोक्याचा बोल्ट मागून नटने कसून बसवला, तर भंडाऱ्यापर्यंत जाता येतं. गोंदाने चिकटवलेलं नाणं किंवा दोऱ्याने बांधलेलं लाकूड मात्र चालत्या गाडीत सुटून पेडलखाली जाऊ शकतं, ते करू नये. नवा भाग बसल्यावर पेडल हळूहळू दाबून मागे उभ्या असलेल्या माणसाला विचारावं: पेडल किंचित हललं की तिन्ही दिवे लागतात का, सोडलं की तिन्ही एकदम विझतात का? हे दहा-बारा वेळा करावं, टेल लाइट बंद ठेवून आणि चालू ठेवूनही. रात्री गाडी लावल्यावर पुन्हा एकदा मागे जाऊन पाहावं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारण्याआधीही.